विश्लेषण : लंडनचे ऑफिस साडेपाचला सुटते, न्यूयॉर्कचे का नाही? कामाच्या तासांबाबत ब्रिटन आणि अमेरिकेत नेमका फरक काय?

एकच बहुराष्ट्रीय कंपनी, एकच हुद्दा, काम अगदी सारखे. एकाची नेमणूक लंडनच्या कार्यालयात होते, दुसऱ्याची न्यूयॉर्कच्या. लंडनच्या नेमणूकपत्रात आठवड्याचे साडेसदतीस तास लिहिलेले असतात, न्यूयॉर्कच्या हिशेबात चाळीस. फरक दिवसाला अवघ्या अर्ध्या तासाचा. पण वर्षअखेरीस गणित मांडले तर न्यूयॉर्कच्या कर्मचाऱ्याने लंडनच्या सहकाऱ्यापेक्षा जवळपास पाच आठवड्यांचे काम जास्त केलेले असते. दोन्ही देशांची भाषा एक, कायद्याची परंपरा बरीचशी एक, मग कामाच्या तासांबाबत त्यांच्या वाटा वेगळ्या का? आणि पुण्या-मुंबईत बसून या दोन देशांसाठी काम करणाऱ्यांना त्याचा काय फरक पडतो?

ऑफिसची वेळ नेमकी किती ते किती?

‘नाइन टू फाइव्ह’ हा शब्दप्रयोग दोन्ही देशांत ऑफिसच्या नोकरीसाठी सर्रास वापरला जातो. अमेरिकेत बोस्टन शहरातील कार्यालयीन महिला कर्मचाऱ्यांनी १९७३ मध्ये याच नावाची संघटना उभी केली आणि १९८० मध्ये त्याच नावाचा चित्रपटही गाजला. प्रत्यक्षात मात्र नऊला येऊन पाचला घरी जाणारा कर्मचारी आज अमेरिकेत कमीच सापडतो. तिथे आठवड्याचे चाळीस तास हे प्रमाण मानले जाते. जेवणाची सुट्टी साधारणपणे त्यात धरत नाहीत. म्हणजे आठ तास काम आणि एक तास जेवण असे धरले, तर वेळ आठ ते पाच किंवा नऊ ते सहा होते. जेवणाला अर्धाच तास असेल तर साडेआठ ते पाच.

ब्रिटनमध्येही जेवणाचा वेळ बहुतेक ठिकाणी पगारी नसतो, पण कामाचे तास मुळातच कमी आहेत. नऊ ते साडेपाच आणि मध्ये एक तास जेवण, म्हणजे दिवसाचे साडेसात आणि आठवड्याचे साडेसदतीस तास. नऊ ते पाच असेल तर आठवड्याचे पस्तीस. सार्वजनिक क्षेत्रातील आकडे यातच बसतात. राष्ट्रीय आरोग्य सेवा अर्थात ‘एनएचएस’मध्ये डॉक्टर वगळता बहुतेक कर्मचाऱ्यांचा आठवडा साडेसदतीस तासांचा आहे, तर स्थानिक स्वराज्य संस्थांच्या राष्ट्रीय करारात सदतीस तासांचा.

तुलनेसाठी घरचे उदाहरण घेता येईल. महाराष्ट्र सरकारने २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा सुरू केला, तेव्हा कार्यालयाची वेळ पावणेदहा ते सव्वासहा अशी वाढवली. मधला अर्धा तास जेवणाचा वजा केला तर आठवड्याचे चाळीस तास होतात. म्हणजे मंत्रालयाचे घड्याळ या बाबतीत लंडनपेक्षा वॉशिंग्टनला जवळचे आहे.

अर्ध्या तासाने वर्षभरात किती फरक पडतो?

वर्षात शनिवार-रविवार वगळले की साधारण २६० दिवस उरतात. ब्रिटनमध्ये आठवड्याला पाच दिवस काम करणाऱ्याला वर्षाला किमान २८ दिवस पगारी रजा देणे कायद्याने बंधनकारक आहे. सार्वजनिक सुट्ट्या या २८ दिवसांत धरण्याची मुभा कंपनीला असते. म्हणजे अगदी किमान रजा मिळाली तरी कामाचे दिवस उरतात २३२. दिवसाला साडेसात तास धरले तर वर्षाचे १,७४० तास होतात.

अमेरिकेत रजेचा कायदेशीर किमान आकडाच नाही. अमेरिकी कामगार सांख्यिकी विभागाच्या पाहणीनुसार खासगी क्षेत्रात एक वर्ष नोकरी झालेल्या कर्मचाऱ्याला सरासरी सुमारे ११ दिवस पगारी रजा आणि सुमारे आठ सणवार मिळतात. २६० मधून १९ वजा केले की २४१ दिवस उरतात. दिवसाला आठ तास धरले तर १,९२८ तास.

दोन्हींतील अंतर १८८ तास, म्हणजे लंडनच्या मापाने २५ दिवस, पूर्ण पाच कामाचे आठवडे. यातले ११६ तास केवळ रोजच्या त्या अर्ध्या तासाचे आहेत आणि ७२ तास कमी रजेचे. हे गणित कागदावरच्या तासांचे आहे. उशिरापर्यंत थांबणे, रात्रीचे ईमेल, रविवारचा फोन हे त्यात नाही.

आर्थिक सहकार्य आणि विकास संघटना (ओईसीडी) देशोदेशीच्या प्रत्यक्ष कामाच्या तासांची सरासरी काढते. अलीकडच्या वर्षांत ती अमेरिकेत माणशी सुमारे १,८००, तर ब्रिटनमध्ये १,५०० तासांच्या थोडी वर राहिली आहे. अर्थात या सरासरीत अर्धवेळ काम करणारेही येतात आणि ब्रिटनमध्ये त्यांचे प्रमाण जास्त आहे. त्यामुळे तीनशे तासांची ही सगळी तफावत पूर्णवेळ ऑफिसात बसणाऱ्यांची आहे, असे समजणे चूक ठरेल. मात्र कल कोणत्या बाजूला आहे, हे दोन्ही हिशेबांतून दिसते.

ब्रिटनचा कायदा काय सांगतो?

ब्रिटनमध्ये ‘वर्किंग टाइम रेग्युलेशन्स’ हे नियम १ ऑक्टोबर १९९८ पासून लागू झाले. त्यांनुसार कर्मचाऱ्याच्या कामाची सरासरी आठवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त असता कामा नये. ही सरासरी साधारणपणे १७ आठवड्यांची काढली जाते. सहा तासांपेक्षा जास्त काम असेल तर मध्ये किमान २० मिनिटांची विश्रांती, एका दिवसाचे काम संपून दुसऱ्या दिवसाचे सुरू होईपर्यंत ११ तासांचे अंतर आणि आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुट्टी, हेही त्यात आहे. रात्री बारापर्यंत थांबवून घेतलेल्या कर्मचाऱ्याला दुसऱ्या दिवशी अकराच्या आत बोलावता येत नाही, असा याचा साधा अर्थ.

रजेचा हक्कही याच नियमांतून आला. सुरुवातीला तो कमी होता. २००९ पासून तो वर्षाला ५.६ आठवडे, म्हणजेच वर उल्लेख केलेले २८ दिवस झाला. ही रजा विकून टाकता येत नाही. नोकरी सोडताना शिल्लक राहिलेल्या रजेचा अपवाद वगळता, ‘रजा घेऊ नको, त्याऐवजी पैसे घे’ असे म्हणण्याची मुभा कंपनीला नाही.

हे नियम ब्रिटनने स्वखुशीने केले असे नाही. मूळ निर्देश १९९३ मध्ये युरोपीय समुदायाने काढला. तो आपल्यावर लादता येणार नाही, असे म्हणत तेव्हाचे ब्रिटिश सरकार युरोपीय न्यायालयात गेले आणि नोव्हेंबर १९९६ मध्ये बव्हंशी हरले. पुढच्या वर्षी टोनी ब्लेअर यांचे मजूर पक्षाचे सरकार आले आणि त्याने १९९८ मध्ये नियम केले. युरोपीय संघातून बाहेर पडल्यानंतरही ब्रिटनने ही ४८ तासांची मर्यादा आणि रजेचा हक्क कायम ठेवला.

एक गोष्ट मात्र या नियमांत नाही. जादा तासांसाठी जादा दराने पैसे दिलेच पाहिजेत, असे ब्रिटिश कायदा म्हणत नाही. एकूण पगार भागिले एकूण तास हा आकडा किमान वेतनाच्या खाली जाऊ नये, एवढीच अट आहे. बाकी सगळे करारावर अवलंबून.

अमेरिकेत काय वेगळे आहे?

अमेरिकेचा कायदा बरोबर उलट्या बाजूने विचार करतो. अध्यक्ष फ्रँकलिन रुझवेल्ट यांनी २५ जून १९३८ रोजी ‘फेअर लेबर स्टँडर्ड्स अ‍ॅक्ट’वर सही केली. आठवड्याला ठरावीक तासांच्या वर काम घेतले तर दीडपट दराने पैसे द्यायचे, हा त्याचा गाभा. ही मर्यादा आधी ४४ तास होती, मग ४२ आणि १९४० पासून ४० तास झाली. ती आजही तीच आहे.

पण प्रौढ माणसाकडून आठवड्याला जास्तीत जास्त किती तास काम घ्यावे, याला या कायद्यात मर्यादा नाही. दीडपट पैसे दिले तर साठ, सत्तर, ऐंशी तासही चालतात. जेवणाच्या सुट्टीची सक्ती नाही, पगारी रजेची नाही, सणाच्या सुट्टीचीही नाही. केंद्र सरकारने ११ सुट्ट्या जाहीर केल्या आहेत, पण त्या सरकारी कर्मचाऱ्यांसाठी. खासगी कंपनीने त्या द्यायच्या की नाही, हे कंपनी ठरवते. काही राज्ये मात्र पुढे गेली आहेत. कॅलिफोर्नियात पाच तासांपेक्षा जास्त काम असेल तर अर्ध्या तासाची जेवणाची सुट्टी द्यावी लागते आणि दिवसाला आठ तासांच्या वरचे काम जादा धरले जाते.

थोडक्यात, ब्रिटनमध्ये जादा कामाला मर्यादा आहे, पण दर ठरलेला नाही. अमेरिकेत दर ठरलेला आहे, पण मर्यादा नाही.

दोघांच्या वाटा कधी फुटल्या?

कामाचे तास कमी करण्याची मागणी दोन्ही देशांत जुनी. स्कॉटलंडमधील न्यू लॅनार्क येथील गिरणीमालक रॉबर्ट ओवेन यांनी १८१७ च्या सुमारास दिवसाची काम, करमणूक आणि झोप अशी आठ-आठ तासांची वाटणी सुचवली. ब्रिटिश संसदेने १८४७ मध्ये कापड गिरण्यांतील स्त्रिया आणि किशोरवयीन कामगारांसाठी दहा तासांचा कायदा केला. अमेरिकेत १ मे १८८६ पासून आठ तासांसाठी मोठे संप झाले आणि शिकागोतील त्या आंदोलनातून पुढे जगभरचा कामगार दिन उभा राहिला. हेन्री फोर्ड यांनी १९२६ मध्ये आपल्या कारखान्यांत पाच दिवसांचा, चाळीस तासांचा आठवडा लागू केला, तेव्हा अमेरिका या बाबतीत ब्रिटनच्या पुढे होती.

मग महामंदी आली. लाखो अमेरिकी बेरोजगार झाले. असलेले काम जास्त लोकांत वाटायचे तर प्रत्येकाचे तास कमी करावेत, हा विचार जोर धरू लागला. एप्रिल १९३३ मध्ये अमेरिकी सिनेटने आठवड्याला तीस तासांचे विधेयक मंजूरही केले होते. ते पुढे अडले. त्याची जागा अखेर १९३८ च्या कायद्याने घेतली. जादा काम महाग केले की मालक त्याच माणसाला राबवण्याऐवजी दुसरा माणूस नेमेल, असा त्यामागचा हिशेब होता.

योगायोग असा, की त्याच १९३८ मध्ये ब्रिटनने ‘हॉलिडेज विथ पे अ‍ॅक्ट’ केला. वेतन ठरवणाऱ्या मंडळांना कामगारांसाठी एक आठवड्याची पगारी सुट्टी मंजूर करण्याचा अधिकार त्याने दिला. कायदा मर्यादित होता आणि पाठोपाठ महायुद्ध सुरू झाले. तरी दिशा ठरली. अमेरिकेने जास्त कामाचा मोबदला कायद्यात लिहिला, ब्रिटनने सुट्टीचा. बाकी कामाचे तास ब्रिटनमध्ये मालक आणि कामगार संघटना यांच्या करारांवर सोडले गेले, ते थेट १९९८ पर्यंत.

ऑफिसातील कर्मचाऱ्यांना या कायद्यांचा फायदा होतो का?

कळीचा मुद्दा इथे आहे. दोन्ही कायद्यांना एकेक मोठी फट आहे आणि ऑफिसमध्ये काम करणारे नेमके त्या फटीत सापडतात.

ब्रिटनमधील फट म्हणजे ‘ऑप्ट-आउट’. ‘मला ४८ तासांची मर्यादा नको’ असे कर्मचारी लेखी देऊ शकतो. लंडनच्या वित्तीय क्षेत्रातील बँका आणि बड्या विधि संस्थांत हा कागद नेमणूकपत्रासोबतच पुढे येणे नवीन नाही. सही न केल्यास कर्मचाऱ्यावर कारवाई करता येत नाही आणि केलेली सही सात दिवसांच्या सूचनेने मागे घेता येते. करारात जास्त मुदत लिहिली असेल तर ती कमाल तीन महिने. हक्क असा स्पष्ट आहे. पण नोकरीच्या पहिल्याच दिवशी तो वापरण्याचे धाडस किती जण करतात, हा प्रश्न उरतोच. ‘ऑप्ट-आउट’ची सही मर्यादेपुरतीच असते, पगारी रजेवर त्यामुळे पाणी सोडावे लागत नाही, हे मात्र अनेकांना ठाऊक नसते.

अमेरिकेतील फट म्हणजे ‘एक्झेम्प्ट’ हा वर्ग. व्यवस्थापकीय, प्रशासकीय आणि व्यावसायिक स्वरूपाचे काम करणाऱ्या पगारदारांना दीडपट मोबदल्याच्या नियमातून वगळले आहे. संगणक क्षेत्रातील अनेक पदेही त्यात येतात. त्यासाठी पगार आठवड्याला किमान ६८४ डॉलर, म्हणजे वर्षाला ३५,५६८ डॉलर असावा लागतो आणि कामाचे स्वरूपही नियमात बसावे लागते. बायडेन प्रशासनाने २०२४ मध्ये ही पगाराची अट बरीच वर नेण्याचा नियम केला होता. तो टिकला असता तर लाखो पगारदार जादा मोबदल्याच्या कक्षेत आले असते. पण टेक्सासमधील संघीय न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये तो रद्द केला आणि जुनाच आकडा परत आला.

याचा परिणाम सरळ आहे. ‘एक्झेम्प्ट’ कर्मचाऱ्याला आठवड्याला चाळीस तास काम करा किंवा साठ, पगार तोच. म्हणजे त्याच्या कामाला मर्यादा नाही आणि जादा तासांना मोबदलाही नाही. जो ‘एक्झेम्प्ट’ नाही त्याची स्थिती मात्र एका बाबतीत ब्रिटिश कर्मचाऱ्यापेक्षा भक्कम आहे. दीडपट पैशांचा हक्क तो लिहून देऊन सोडू म्हणाला तरी सोडू शकत नाही. तसा करार कायद्याने अमान्य ठरतो.

रजा असूनही अमेरिकी कर्मचारी ती घ्यायला का कचरतो?

एक कारण नोकरीच्या स्वरूपात आहे. मोंटाना वगळता अमेरिकेत सगळीकडे ‘अ‍ॅट विल’ पद्धत आहे. भेदभावासारखे बेकायदा कारण नसेल तर मालक कर्मचाऱ्याला केव्हाही, कारण न देता काढू शकतो. ब्रिटनमध्ये ठरावीक काळ नोकरी झाल्यावर अन्याय्य बडतर्फीविरोधात दाद मागता येते. नोकरी जाण्याची टांगती तलवार असेल, तर सगळे थांबले असताना पाच वाजता उठणे सोपे नसते.

दुसरे कारण आरोग्य विम्याचे. ब्रिटनमध्ये ५ जुलै १९४८ पासून ‘एनएचएस’ आहे. नोकरी गेली तरी दवाखाना जात नाही. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पगारवाढीवर सरकारी निर्बंध आले, तेव्हा माणसे टिकवण्यासाठी कंपन्या आरोग्य विमा देऊ लागल्या. करसवलतींमुळे ती पद्धत पक्की झाली. आजही नोकरदार वर्गातील बहुतेकांचा विमा नोकरीशी बांधलेला आहे. विम्याचा हप्ता माणशी असतो, तासागणिक नव्हे. त्यामुळे दोन माणसे नेमून दोन हप्ते भरण्यापेक्षा एकाच पगारदाराकडून जास्त तास काम घेणे कंपनीला स्वस्त पडते. १९३८ च्या कायद्याने जो हिशेब मांडला होता, तो ‘एक्झेम्प्ट’ वर्गापुरता असा उलटा फिरला.

अर्थतज्ज्ञांतही यावर जुना वाद आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिका आणि पश्चिम युरोपातील कामाच्या तासांत फारसे अंतर नव्हते. पुढे ते वाढत गेले. अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणारे एडवर्ड प्रेस्कॉट यांनी त्याचे मुख्य कारण करांत शोधले. कर जास्त असले की जास्त काम करण्यात रस उरत नाही, असा त्यांचा युक्तिवाद. अल्बर्टो अलेसिना, एडवर्ड ग्लेझर आणि ब्रूस सॅकरडोट यांनी २००५ मध्ये कामगार संघटना आणि कायद्यांकडे बोट दाखवले. आज ब्रिटनमध्ये सुमारे २२ टक्के, तर अमेरिकेत सुमारे १० टक्के कर्मचारी संघटनांचे सभासद आहेत.

जास्त तास म्हणजे जास्त प्रगती, असे म्हणता येईल का?

अमेरिकेत पगार साधारणपणे ब्रिटनपेक्षा जास्त आहेत, हे खरे. अनेकांना तो सौदा मान्यही असतो. पण पगारातील फरक केवळ तासांमुळे आहे, असे आकडे सांगत नाहीत. तासाला होणारे उत्पादनही अमेरिकेत ब्रिटनपेक्षा जास्त आहे. आणि जर्मनीत माणूस वर्षाला ब्रिटनपेक्षाही कमी तास काम करतो, तरी तिथली ताशी उत्पादकता ब्रिटनच्या पुढे आहे. यंत्रसामग्री, कौशल्य, गुंतवणूक यांचा वाटा तासांपेक्षा मोठा असतो.

ब्रिटनमध्ये सध्या प्रयोग तास आणखी कमी करण्याचे चालले आहेत. जून ते डिसेंबर २०२२ या काळात ६१ कंपन्यांनी सुमारे २,९०० कर्मचाऱ्यांसाठी पगार न कापता चार दिवसांचा आठवडा राबवून पाहिला. चाचणी संपल्यावर ५६ कंपन्यांनी तो पुढे चालू ठेवला. एप्रिल २०२४ पासून तिथल्या कर्मचाऱ्याला नोकरीच्या पहिल्या दिवसापासून लवचीक वेळेची मागणी करता येते. कंपनी नकार देऊ शकते, पण तिला ठरावीक कारण द्यावे लागते. अमेरिकेत सिनेटर बर्नी सँडर्स यांनी मार्च २०२४ मध्ये ३२ तासांच्या आठवड्याचे विधेयक मांडले. ते पुढे सरकले नाही.

पुणे-मुंबईतील ‘यूके शिफ्ट’ आणि ‘यूएस शिफ्ट’वर काय परिणाम होतो?

हिंजवडी, मगरपट्टा किंवा ऐरोलीतील हजारो कर्मचाऱ्यांचा दिवस या दोन घड्याळांवर चालतो. लंडनचे नऊ ते साडेपाच म्हणजे उन्हाळ्यात आपले दुपारी दीड ते रात्री दहा आणि हिवाळ्यात अडीच ते अकरा. न्यूयॉर्कचे आठ ते पाच म्हणजे उन्हाळ्यात संध्याकाळी साडेपाच ते मध्यरात्रीनंतरचे अडीच, हिवाळ्यात साडेसहा ते पहाटे साडेतीन. एका शिफ्टमध्ये माणूस रात्री घरी येऊन झोपू शकतो, दुसरीत पहाट होते.

त्यात दोन्ही देश घड्याळ एकाच दिवशी बदलत नाहीत. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे नेते, ब्रिटन मार्चच्या शेवटच्या रविवारी. मागे आणताना ब्रिटन ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, तर अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. मधल्या दिवसांत लंडन-न्यूयॉर्क अंतर पाचऐवजी चार तासांचे होते आणि तिन्ही देशांतील लोकांच्या एकत्र बैठकांचा घोळ होतो.

सुट्ट्याही जुळत नाहीत. गुड फ्रायडे आणि २६ डिसेंबर हे ब्रिटनमध्ये सुट्टीचे दिवस आहेत. अमेरिकेच्या केंद्रीय सुट्ट्यांच्या यादीत ते नेहमी नसतात. थँक्सगिव्हिंगला अमेरिका बंद असते, ब्रिटन चालू.

मात्र एक गैरसमज दूर करायला हवा. ग्राहक लंडनचा असो की न्यूयॉर्कचा, महाराष्ट्रात बसून काम करणाऱ्याला तिथला नव्हे, इथलाच कायदा लागू होतो. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्याला ४८ तासांची मर्यादाही आहे आणि जादा कामाला दुप्पट दरही. म्हणजे कागदावर ब्रिटनची मर्यादा आणि अमेरिकेचा मोबदला हे दोन्ही इथे आहे. वर्षाला आठ सणांच्या पगारी सुट्ट्या आहेत. महिला कर्मचाऱ्याला रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत काम द्यायचे तर तिची संमती आणि सुरक्षेची व्यवस्था आवश्यक आहे. लंडनची उन्हाळी शिफ्टसुद्धा ही वेळ ओलांडते, हे लक्षात घेण्याजोगे. पण इथेही फट आहेच. व्यवस्थापकीय आणि पर्यवेक्षकीय पदे या कायद्याच्या बाहेर ठेवली आहेत आणि पदनामात ‘मॅनेजर’ किंवा ‘लीड’ हा शब्द आला की वादाला सुरुवात होते.

या देशांत नोकरी स्वीकारताना काय पाहावे?

ब्रिटनमधील नेमणूकपत्र हाती आले तर तीन गोष्टी तपासाव्यात. आठवड्याचे तास जेवण धरून आहेत की सोडून. रजेचा आकडा सार्वजनिक सुट्ट्या धरून आहे की त्याव्यतिरिक्त. ‘२८ दिवस’ आणि ‘२५ दिवस अधिक सार्वजनिक सुट्ट्या’ यांत इंग्लंडमध्ये पाच दिवसांचा फरक पडतो, कारण तिथे अशा आठ सुट्ट्या असतात. आणि ‘ऑप्ट-आउट’चा कागद सोबत आहे का, असेल तर तो मागे घेण्याची मुदत किती.

अमेरिकेतील पत्रात सर्वात आधी पद ‘एक्झेम्प्ट’ आहे की ‘नॉन-एक्झेम्प्ट’ हे शोधावे. वर्षाच्या पगाराचा आकडा तेवढ्यानेच खरा कळतो, कारण तोच पगार चाळीस तासांचा आहे की पंचावन्न तासांचा, यावर ताशी कमाई ठरते. पगारी रजेचे दिवस लेखी आहेत का आणि आजारपणाची रजा त्यातच धरली आहे का, हेही पाहावे. ‘पीटीओ’ या एका आकड्यात अनेक कंपन्या दोन्ही एकत्र मोजतात. ‘अमर्याद रजा’ असे लिहिले असेल तर संघातील लोक वर्षाला प्रत्यक्षात किती दिवस रजा घेतात, हा प्रश्न मुलाखतीतच विचारावा. नोकरी सोडताना न वापरलेल्या रजेचे पैसे मिळतात की नाही, हे राज्यागणिक बदलते. कॅलिफोर्नियात जमा झालेली रजा कमावलेला पगार मानली जाते आणि तिचे पैसे द्यावे लागतात. अमर्याद रजेत मात्र रजा सहसा खात्यात जमाच होत नाही, त्यामुळे नोकरी सोडताना मागायलाही बहुधा काही शिल्लक राहत नाही.